‘मोठ्या बाजूसमोरचा कोन मोठा’ आणि त्याचं उलट वाक्य: ही द्विरुक्ती नाही का?

काना_मात्रा

मी प्रुफं तपासते. आत्मचरित्रं, कथासंग्रह, कधीमधी एखादा शब्दकोश. गणिताशी माझं नातं दहावीच्या शेवटच्या पेपराला सुटलं, ते गेल्या महिन्यात पुन्हा जुळलं. एका प्रकाशकाने नववीच्या भूमितीचा सरावसंच पाठवलाय. माझं काम ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आणि सुटलेले काने-मात्रे, एवढंच. पण डोळे वाचत असताना डोकं बंद ठेवता येत नाही. एका ठिकाणी बोलणी खाऊन झाली आहेत आणि एका ठिकाणी खायची आहेत, म्हणून आधीच विचारून घेते.

खाल्लेली बोलणी अशी. एका पानावर लागोपाठ दोन प्रमेयं होती:

‘त्रिकोणाच्या दोन बाजू असमान असतील, तर मोठ्या बाजूसमोरील कोन लहान बाजूसमोरील कोनापेक्षा मोठा असतो.’

‘त्रिकोणाचे दोन कोन असमान असतील, तर मोठ्या कोनासमोरील बाजू लहान कोनासमोरील बाजूपेक्षा मोठी असते.’

मी दुसरं काटलं आणि समासात लिहिलं, ‘द्विरुक्ती’. लेखकांकडून प्रूफ परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईत होतं, ‘गणिताला हात लावू नये.’ बरं, नाही लावत. पण का लावू नये ते कुणी सांगेल का? ‘थोरला धाकट्यापेक्षा उंच’ आणि ‘धाकटा थोरल्यापेक्षा ठेंगणा’ यात मला तरी फरक दिसत नाही.

आता दुसरं. चौकोन अबकड, त्यात कर्ण बड. त्रिकोण अबडमध्ये ∠अ = ८०°, ∠अबड = ५५°, ∠अडब = ४५°. त्रिकोण बकडमध्ये ∠क = ५९°, ∠कबड = ६०°, ∠बडक = ६१°. प्रश्न: आकृतीतील पाच रेखांपैकी सर्वांत लांब कोणती? उत्तरसूचीत छापलंय ‘बक’. मी वरचंच प्रमेय लावलं. सगळ्यात मोठा कोन ८०°, त्याच्यासमोर बड, म्हणून उत्तर ‘बड’. ‘बड’चं ‘बक’ होणं ही एका अक्षराची चूक आहे आणि असल्या चुका पकडण्याचेच मला पैसे मिळतात. शिवाय छापलेल्या आकृतीवर पट्टी ठेवली. तिथेही बडच लांब निघाली.

दुरुस्ती करून टाकू? की पुन्हा लाल शाई?

जुना_खडू

ताई, थांबा. पेन खाली ठेवा. उत्तरसूची बरोबर आहे.

मी ३१ वर्षं भूमिती शिकवली. तुम्ही केलेली चूक दर वर्षी निदान अर्धा वर्ग करायचा, हुशार मुलं तर हमखास. तुमच्यासारख्या शब्द मोजून वाचणाऱ्या माणसाकडून ती झाली याचं मात्र नवल वाटलं, कारण चूक गणिताची नाही, वाचनाची आहे. प्रमेयाचा पहिला शब्द पुन्हा वाचा: ‘त्रिकोणाच्या’. एकवचन. सगळी अट त्या एकवचनात आहे. एकाच त्रिकोणाच्या पोटात कोन आणि बाजू यांची तुलना चालते. या त्रिकोणातला कोन घेऊन त्या त्रिकोणातल्या बाजूशी झुंजवता येत नाही.

खात्री करायची तर कंपासपेटी उघडा. दोन गुण्ये असतील, एक ४५-४५चा आणि एक ३०-६०चा. दोन्हींत काटकोन आहे, ९०° म्हणजे ९०°च. दोन्हींचे कर्ण सारखे आहेत का, पट्टी लावून बघा. बहुतेक पेट्यांत नसतात. कोन तेवढाच, समोरची बाजू वेगळी, कारण त्रिकोण वेगळे. कोनाला स्वतःची अशी लांबी नसते. आपल्याच त्रिकोणातल्या भावंडांपुढे तो मोठा की लहान, एवढंच त्याला ठाऊक.

आता तुमची आकृती. दोन त्रिकोण वेगळे सोडवायचे.

अबडमध्ये कोन चढत्या क्रमाने ४५, ५५, ८०. समोरच्या बाजू त्याच क्रमाने अब, अड, बड. म्हणजे अब < अड < बड.

बकडमध्ये ५९, ६०, ६१. समोरच्या बाजू बड, कड, बक. म्हणजे बड < कड < बक.

दोन्ही ओळींत एक नाव सामाईक आहे, बड. तोच इथला पूल. पहिल्या त्रिकोणात ती सगळ्यांत मोठी आणि दुसऱ्यात सगळ्यांत लहान. जोडून लिहा: अब < अड < बड < कड < बक. तुमची बड पाचांत तिसरी आली. प्रश्न काढणाऱ्याने ८०° हा अगदी मुद्दाम ठेवलाय, सापळ्यातल्या आमिषासारखा.

हा पूल नसता, म्हणजे दोन त्रिकोण सुटेसुटे असते, तर नुसत्या कोनांवरून काहीही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या मुद्द्याचं रात्री लिहितो. तो लांबचा आहे.

टीचभर_पट्टी

खडूसरांचं बरोबरच आहे, मी फक्त आकडे टाकतो. मी आराखडे काढतो, त्यामुळे हात शिवशिवला. बड बरोबर १० सेंमी धरून प्रमाणात काढलं तर अब साधारण ७.१८, अड ८.३२, कड १०.१० आणि बक १०.२० येते. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या नंबरात फक्त २ मिलिमीटरचा फरक! पुस्तकातली आकृती याच्या निम्मी असणार, तिथे हा फरक एका मिलिमीटरवर येतो. छापील रेघेची जाडी, आकृती काढणाऱ्याचा उतावीळपणा, तुमची पट्टी, यात १ मिमी कुठल्या कुठे जातो.

ताई, कोनमापक असेल तर छापलेला ∠क मोजून बघा. पैज लावतो, ५९° नसणार.

काना_मात्रा

मोजला. ७१°. ∠क मोठा काढला की समोरची बड लांब दिसणारच. म्हणजे आकृतीच खोटं बोलत होती. ‘आकृती प्रमाणात नाही’ अशी एक ओळ घालायला सुचवते, तो तरी माझा अधिकार असावा.

एकवचन वाचलं नाही हे मात्र लागलं. खडूकाका, रात्रीची वाट बघते.

जुना_खडू

जेवण झालं. आता द्विरुक्ती.

तुमचं थोरला-धाकट्याचं उदाहरण इथे बसत नाही. ती एकच माहिती उलट बाजूने सांगितलेली आहे. प्रमेयात दोन भाग असतात, पक्ष आणि साध्य. ‘असं असेल तर’ हा पक्ष, ‘तसं असतं’ हे साध्य. तुम्ही काटलेल्या ओळीत पक्षाचं साध्य झालंय आणि साध्याचा पक्ष. त्याला व्यत्यास म्हणतात. मूळ विधान खरं म्हणून व्यत्यास खरा, अशी हमी कुणी देत नाही.

तुमच्याच दुकानातलं उदाहरण देतो. मराठी शब्द अकारान्त असेल तर उपान्त्य इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, सून. आता उलट करा: उपान्त्य दीर्घ असेल तर शब्द अकारान्त. ‘पूजा’ काय म्हणेल? ‘परीक्षा’ काय म्हणेल? भूमितीतलंच हवं तर: एकरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं समान असतात. उलट? दोन काटकोन त्रिकोण घ्या, एकाचा पाया ८ उंची ३ आणि दुसऱ्याचा पाया ६ उंची ४, दोघांचं क्षेत्रफळ १२, पण त्रिकोण एकरूप नाहीत.

म्हणून दोन विधानं, दोन सिद्धता. ग्रीक गणिती युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात ही १८वी आणि १९वी प्रतिज्ञा (म्हणजे सिद्ध करायचं विधान) आहे, इसवी सनापूर्वी ३००च्या आसपासची. त्यानेही एक लिहून दुसरी गृहीत धरली नाही.

पहिलीची सिद्धता एकदा हाताने करून पाहा, आकृती कागदावर काढा. त्रिकोण अबक, अक ही अबपेक्षा मोठी. अकवर असा बिंदू प घ्या की अप = अब. मोठीतून लहानीएवढा तुकडा मोजून घेतला, बस, सगळी करामत इथेच आहे. बप जोडा. अबप समद्विभुज झाला, म्हणून ∠अबप = ∠अपब. आता ∠अपब हा त्रिकोण बपकचा बाह्यकोन आहे, तेव्हा तो दूरस्थ आंतरकोन ∠कपेक्षा मोठा. आणि ∠अबक तर ∠अबपहून मोठा आहेच, कारण प हा अ आणि क यांच्या मधे पडलाय. साखळी जोडा: ∠अबक > ∠अबप = ∠अपब > ∠क. झालं.

दुसरीला मात्र एक रेघही ओढावी लागत नाही. ∠ब हा ∠कपेक्षा मोठा दिलाय. अक आणि अब यांच्यात तीनच शक्यता: अक लहान, दोन्ही समान, किंवा अक मोठी. समान असत्या तर कोन समान आले असते. अक लहान असती तर पहिल्या प्रमेयानेच ∠ब लहान आला असता. दोन्ही दारं बंद, राहिलं तिसरं. ही अप्रत्यक्ष सिद्धता.

ताई, इथे तुमच्या बाजूनेही थोडं बोलतो. दुसरं प्रमेय जवळजवळ फुकट मिळतं हे खरं. ‘लहान, समान, मोठी’ या तिन्ही शक्यतांचं उत्तर आधीच ठाऊक असेल आणि ती उत्तरं एकमेकांत मिसळत नसतील, तर व्यत्यास आपोआप खरा ठरतो. अकारान्ताच्या नियमात ती सोय नव्हती. तेव्हा तुम्हाला जो वास आला तो अगदीच खोटा नव्हता. द्विरुक्ती नाही, पण सख्खी बहीण आहे. लेखकाला लाल शाईत एवढं लिहिता आलं असतं.

काना_मात्रा

‘पूजा’ आणि ‘परीक्षा’ तत्सम आहेत, काका, नियमात तुम्ही ‘मराठी शब्द’ म्हणालात. पण सोडून देते, मुद्दा पोचला. आकृती काढली. ‘मोठीतून लहानीएवढा तुकडा’ हे वाक्य डोक्यात बसलं.

एक शंका मात्र उरली. तुम्ही म्हणता एका त्रिकोणाबाहेर तुलना नाही. पण याच संचात पुढे घडीच्या शिडीचं उदाहरण आहे, पाय जास्त फाकवले की जमिनीवरचं अंतर वाढतं असं. तिथे शिडीच्या दोन स्थिती म्हणजे दोन वेगळे त्रिकोण झाले ना?

टीचभर_पट्टी

हे मी घेतो. दोन त्रिकोणांत दोन-दोन बाजू जोडीने समान असतील तर तुलना चालते. तेव्हा मधला कोन ज्याचा मोठा, त्याची तिसरी बाजू मोठी. बिजागरीचं प्रमेय म्हणा हवं तर. युक्लिडकडे हे २४वं आणि याचा व्यत्यास २५वा. शिडीचे दोन्ही पाय तेवढेच राहतात, फक्त बिजागरी उघडते, म्हणून नियम लागू.

पण ‘मोठी’ म्हणजे किती मोठी, ते हे प्रमेय सांगत नाही. कंपासच्या दोन्ही भुजा १२ सेंमी धरा. ३०° उघडला तर टोकांमधलं अंतर ६.२ सेंमी. ६०°ला बरोबर १२. इथवर वाटतं कोन दुप्पट की अंतर जवळपास दुप्पट. मग १२०°ला २४ हवं होतं, येतं २०.८. २४ येतं ते १८०°ला, म्हणजे कंपास पार आडवा झाल्यावर. तोवर त्रिकोण राहिलेलाच नसतो.

ज्यापिंड

खूप दिवस नुसता वाचत होतो, पण वरचा प्रतिसाद माझ्या आवडत्या जागी येऊन थांबला म्हणून लिहितो.

कोन आणि बाजू हातात हात घालून चढतात, पण पावलं सारखी टाकत नाहीत. ३०-६०च्या गुण्यात कोनांचं प्रमाण १ : २ : ३ आहे. बाजूंचं १ : √३ : २. तिप्पट कोनाला दुप्पटच बाजू. अचूक नातं हवं तर बाजू कोनांच्या ‘ज्यां’च्या, म्हणजे साइनच्या, प्रमाणात असतात.

‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि त्याची जीवा ही दोरी. पुढे अर्ध्या जीवेलाच ज्या म्हणू लागले. बिजागरीचं प्रमेय तेच सांगतं: दोन्ही त्रिज्या तेवढ्याच, मधला कोन वाढवा, दोरी लांबते. आर्यभटाने ४९९ साली किती लांबते त्याचे आकडे दिले. ९०°चे २४ समान भाग, म्हणजे प्रत्येक पाऊल ३ अंश ४५ कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि दर पावलाला अर्धज्या कितीने वाढते ते: २२५, २२४, २२२, २१९, २१५... असं उतरत उतरत शेवटी ५१, ३७, २२, ७. सगळ्यांची बेरीज ३४३८, तीच त्रिज्या. कोनाने प्रत्येक वेळी तेवढंच पाऊल टाकलं, ज्येला सुरुवातीला २२५ मिळाले आणि शेवटी ७. एकही आकडा शून्य किंवा ऋण नाही, म्हणून काटकोनापर्यंत ‘मोठा कोन, मोठी ज्या’ खरं. पण आकडे सारखे नाहीत, म्हणून ‘दुप्पट कोन, दुप्पट बाजू’ खोटं.

(कोन विशाल असेल तर ज्या पुन्हा उतरते, मग प्रमेय कसं टिकतं? कारण तो १२०°चा असला तर बाकी दोघांना मिळून ६०च उरतात आणि १२०°ची ज्या म्हणजे ६०°चीच ज्या. बाकीचा प्रत्येक जण त्याहून कमीच राहतो. बिचारे.)

सरळसोट

एक उद्धट प्रश्न विचारू? ‘त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त’ हे सिद्ध करायला पानभर खर्च कशाला? वळसा घालून गेलं की जास्त चालावं लागतं हे गाढवालाही कळतं.

जुना_खडू

तुम्ही एकटे नाही. गाढवाचा दाखलासुद्धा जुना आहे. पाचव्या शतकात प्रोक्लस नावाच्या भाष्यकाराने युक्लिडच्या पहिल्या पुस्तकावर लिहिलं. त्यात तो सांगतो की ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी याच २०व्या प्रतिज्ञेची टर उडवायचे. गवत एका टोकाला ठेवा, गाढव सरळ त्याच बाजूने जाईल, दोन बाजूंनी फिरून जाणार नाही, मग याला सिद्धता कशाला? प्रोक्लसचं उत्तर असं की एखादी गोष्ट खरी आहे हे दिसणं वेगळं आणि ती का खरी आहे ते कळणं वेगळं.

मला वर्गात हे उत्तर पुरायचं नाही. मुलं म्हणायची, सर, ‘का’ तर माहीत आहे, सरळ रेषा म्हणजे सगळ्यांत जवळचा रस्ता! मग मी विचारायचो, हे तुला कुणी सांगितलं? युक्लिडच्या सरळ रेषेच्या व्याख्येत ‘जवळचा’ हा शब्दच नाही. आर्किमिडीजने ‘टोकं तीच असलेल्या रेषांत सरळ रेषा सर्वांत लहान’ हे गृहीतक म्हणून सरळ लिहून टाकलं. तोही रस्ता आहे, पण मग ते गृहीत धरलंय असं कबूल करायचं. गृहीत धरायचं आणि वर सिद्ध केलं म्हणायचं, हे चालणार नाही.

युक्लिड ते गृहीत न धरता काढतो आणि त्याच दोन बहिणींपैकी धाकटीला कामाला लावतो. बअ पुढे वाढवा आणि तिच्यावर अप = अक घ्या. कप जोडा. त्रिकोण अपक समद्विभुज, म्हणून ∠अपक = ∠अकप. पण ∠बकप हा ∠अकपपेक्षा मोठा, कारण अ हा ब आणि प यांच्या मधे आहे. म्हणजे त्रिकोण बकपमध्ये ∠बकप > ∠बपक. मोठ्या कोनासमोरची बाजू मोठी: बप > बक. आणि बप म्हणजे काय? बअ अधिक अप, म्हणजेच बअ अधिक अक. दुमडलेला रस्ता सरळ करून ठेवला आणि मग मोजला.

काना_मात्रा, तुम्ही काटलेली ओळ इथे लागली, बघा.

सरळसोट

मान्य. पण मग बाह्यकोनाचं काय? तुम्ही वर ‘बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा’ वापरलंत. तो तर दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, मग ‘मोठा’ म्हणणं हे कमीच सांगणं झालं की.

जुना_खडू

शाळेत आपण बेरजेवरूनच येतो, त्यामुळे तसं वाटतं. युक्लिडकडे ‘मोठा’ हे १६वं आणि ‘बेरजेइतका’ हे ३२वं. मधे २९व्यापासून समांतर रेषांचं पाचवं गृहीतक पहिल्यांदा कामाला येतं. त्रिकोणातल्या असमानतेची ही सगळी मंडळी, १६पासून २५पर्यंतची, त्या गृहीतकाला हात न लावता उभी आहेत. कमी सांगितलं, पण कमी भांडवलात सांगितलं.

तरी अगदी बिनभांडवली नाही. पृथ्वीच्या गोलावर एक त्रिकोण काढा: एक टोक ध्रुवावर, दोन विषुववृत्तावर, ध्रुवाजवळचा कोन १२०°. खालचे दोन्ही कोन ९०°. विषुववृत्ताची बाजू पुढे वाढवली की बाह्यकोन ९०° आणि दूरस्थ आंतरकोन १२०°. ‘मोठा’ कोलमडलं. सपाट कागदावरच्या सिद्धतेत रेघ हवी तेवढी वाढवता येते आणि ती फिरून परत येत नाही, हे आपण न बोलता धरलेलं असतं.

काना_मात्रा

तुम्ही सगळे पुढे गेलात, मी अजून उत्तरसूचीत आहे. आज आणखी एक सापडलं, आणि या वेळी हात न लावता विचारतेय.

सारख्या लांबीच्या काड्या, न मोडता, सगळ्या वापरून त्रिकोण करायचे. ११ काड्यांचे किती वेगवेगळे त्रिकोण होतील आणि १२ काड्यांचे किती? सूचीत ११ला ४ आणि १२ला ३. काड्या वाढल्या आणि त्रिकोण कमी झाले? डीटीपी करणाऱ्याकडून आकड्यांची अदलाबदल झाली असं माझं मन ओरडून सांगतंय.

टीचभर_पट्टी

मनाला गप्प करा. काड्या घेऊन बसा आणि सरळसोटांचं ‘गाढवाचं’ प्रमेय हाताशी ठेवा.

काना_मात्रा

बसले. काड्या टेबलावर आहेत.

सगळ्यांत लांब बाजू बाकी दोघींच्या बेरजेपेक्षा लहान हवी, म्हणजे एकूण काड्यांच्या निम्म्याहून कमी. ११चं निम्मं साडेपाच, म्हणून लांब बाजू फार तर ५. मिळाले: ५-५-१, ५-४-२, ५-३-३, ४-४-३. चार.

१२चं निम्मं ६. सहाहून कमी, म्हणजे पुन्हा फार तर ५! काडी वाढली पण मर्यादा तिथेच. मिळाले: ५-५-२, ५-४-३, ४-४-४. तीनच. ६-५-१, ६-४-२ आणि ६-३-३ करून पाहिले, तिन्ही आडवे झोपतात. दोन बाजू तिसरीवर अलगद जाऊन बसतात.

मग हट्टाने खाली गेले. १०चे दोन (४-४-२, ४-३-३) आणि ९चे तीन (४-४-१, ४-३-२, ३-३-३). पुढे १३चे पाच, १४चे चार. सम आकडा आला की दर वेळी एकाने खाली. आणि ९चे तीन, १२चेही तीन. ११चे चार, १४चेही चार. हे असंच चालतं का? की मी काड्यांत जास्तच रमले?

ज्यापिंड

९-१२, ११-१४ असल्या जोड्यांचं असंच चालतं (‘दर वेळी एकानेच खाली’ हे मात्र पुढे टिकत नाही), आणि तुम्ही तेवढ्या काड्यांत ते पाहिलंत हे भारी आहे. सम संख्येच्या कुठल्याही त्रिकोणातून प्रत्येक बाजूची एकेक काडी काढा. ५-५-२चा ४-४-१ होतो, ५-४-३चा ४-३-२, ४-४-४चा ३-३-३. तुमचे ९चे तिघेच्या तिघे.

एकेक काडी काढल्यावरही त्रिकोण मोडत नाही, कारण एकूण काड्या सम असतील तर ‘दोन बाजूंची बेरीज वजा तिसरी’ हीसुद्धा सम येते. ती शून्याहून मोठी हवीच, म्हणजे निदान २. तिन्ही बाजू एकेकाने घटवल्या की ही वजाबाकी एकाने घटते, तरी १ उरतेच. त्रिकोण शाबूत. उलट दिशेने एकेक काडी वाढवली तर वजाबाकी एकाने वाढेल, तिथे प्रश्नच नाही. म्हणून कुठल्याही सम संख्येचे त्रिकोण तिच्याहून तीनने लहान विषम संख्येच्या त्रिकोणांइतकेच.

विषमाला ही युक्ती का लागत नाही ते तुमच्याच ५-५-१वरून बघा. एकेक काडी काढली की ४-४-०.

जुना_खडू

ताई, तुमच्या १०-११-१२च्या हिशोबात एकही चूक नाही. तपासला. जुनी सवय.

काना_मात्रा

४-४-० म्हणजे दोन काठ्या एकमेकींवर. कळलं.

आजच प्रूफ परत पाठवलं. ‘द्विरुक्ती’ खोडून त्या ओळीखाली टिंबं दिली, म्हणजे ‘आहे तसे ठेवा’. उत्तरसूचीत ‘बक’खाली टिंबं. ११ आणि १२च्या उत्तरांखाली टिंबं. चौकोनाच्या आकृतीजवळ लिहिलं, ‘∠क ५९° हवा, छापील आकृतीत ७१° आहे. नवी काढावी किंवा प्रमाणात नाही असे नमूद करावे.’

तासाभराने लेखकांचा निरोप आला. आकृती नवी काढतायत. आणि विचारलंय की ही टिंबं कशाची.

टीचभर_पट्टी

पैज जिंकलो की मी.